छोटंसंच काम आहे!

सकाळचे सव्वानऊ. हात मनगटापर्यंत काळे, काचेवर शाई पसरलेली, रोलर फिरतोय आणि नेमका फोन वाजतो. अशा वेळी आमच्याकडे फोन आई उचलते, माझ्या कानाला लावते आणि बोलणं संपेपर्यंत तिथेच उभी राहते. सगळं ऐकायला मिळतं म्हणून. ती अर्थातच हे कबूल करत नाही.

“मॅडम, तुमचं काम बघितलं. जबरदस्त! आमचं एक काम होतं. म्हणजे छोटंसंच आहे.”

गेल्या दहा-बारा वर्षांत ‘छोटंसंच काम’ या नावाखाली माझ्याकडे काय काय आलंय सांगू? एका सोसायटीच्या पन्नाशीचं बोधचिन्ह, ज्यात सहाच्या सहा विंग दिसल्या पाहिजेत, नाहीतर ‘डी’ विंगवाले वर्गणी देणार नाहीत. एका ऑफिसच्या कँटीनची सोळा फुटी भिंत. मुलांच्या पुस्तकाची ३२ पानं, चार दिवसांत. लग्नपत्रिकेवर नवरा-नवरीचं चित्र. नवऱ्याला केस जरा जास्त दाखवा. ‘काम मोठं आहे, म्हणून तुम्हाला फोन केला’ असं म्हणणारा माणूस मला अजून भेटायचाय.

मी इलस्ट्रेटर आहे आणि प्रिंटमेकर आहे. पहिला शब्द आता बऱ्याच जणांना कळतो. दुसऱ्यावर मात्र गाडी अडते. आमच्या एक मामी लग्नाकार्यात माझी ओळख ‘हिचं प्रिंटिंगचं आहे’ अशी करून देतात, आणि मग समोरचा माणूस व्हिजिटिंग कार्डाचा शेकड्याचा रेट विचारतो. मीही हल्ली खुलासा करत बसत नाही. एकदा तर सांगून टाकला रेट.

अभिनवमधून अप्लाइड आर्ट केलं, चार वर्षं एका ॲड एजन्सीत बिस्किटं, फ्लॅट आणि मिक्सर विकले, आणि २०१३ मध्ये राजीनामा दिला. बॉस म्हणाला, “सहा महिन्यांत परत येशील.” खोटं कशाला बोलू, आठव्या महिन्यात मी खरंच फोन केला होता. त्याने उचलला नाही. माझं पुढचं सगळं करिअर त्या न उचललेल्या फोनवर उभं आहे.

लिनोशी ओळख कॉलेजातलीच, प्रेम नंतर जमलं. लिनो म्हणजे लिनोलियम, खरं तर जमिनीवर अंथरायचा प्रकार. फ्रेडरिक वॉल्टन नावाच्या इंग्रजाने १८६०च्या दशकात त्याचं पेटंट घेतलं. जवसाचं तेल हवेवर घट्ट होऊ द्यायचं, त्यात बुचाचा नाहीतर लाकडाचा भुसा मिसळायचा आणि तागाच्या कापडावर थापायचं. नावातच जवस आहे बघा, लॅटिनमध्ये ‘लिनम’ म्हणजे जवस आणि ‘ओलियम’ म्हणजे तेल. आम्ही वापरतो ती तेलाची शाईसुद्धा बहुतेक वेळा जवसाच्याच तेलात घोटलेली. माझी लातूरकडची आजी जन्मभर जवस भाजून चटणी कुटत आली, आणि नात त्याच जवसावर चित्रं कोरते. हे मला फार उशिरा कळलं, आणि कळलं तेव्हा तिला सांगायला ती नव्हती.

काम म्हणाल तर सोपं आहे. गाऊज नावाच्या छोट्या नळीदार पात्यांनी लिनो कोरायचा. जे कोरून काढाल ते कागदावर कोरं राहणार, जे ठेवाल ते छापलं जाणार. मग काचेवर शाई लाटायची. शाई बरोबर झाली की रोलरखालून चर्र असा आवाज येतो, पापड तळल्यासारखा. तो आवाज आला की ठशावर रोलर फिरवायचा, वर कागद ठेवायचा, दाबायचं, सोलून काढायचा. झालं. आता यात अडचण एवढीच की चुकून जास्त कोरलं गेलं तर ते परत चिकटवता येत नाही. दिवसभर टॅबलेटवर काम करणाऱ्या माणसाचं बोट सवयीने कंट्रोल-झेड शोधतं. इथे ते नाही. सुरुवातीला मी एका चित्रातल्या बैलाचं शिंग उडवलं आणि अर्धा तास नुसती बघत बसले होते. शेवटी त्याला मोडक्या शिंगाचाच बैल केला. तो प्रिंट सगळ्यांत आधी विकला गेला, ही वेगळी गोष्ट.

छोटं एचिंग प्रेस घ्यायला मला २०२१ उजाडलं. तोपर्यंत कागदाची पाठ मी आईच्या पितळी डावाने घासायचे. एका प्रिंटला वीस मिनिटं. पंधरा प्रिंट झाले की खांद्याला मूव्ह. डाव आईला परत मिळाला तेव्हा त्याची पाठ आरशासारखी झाली होती. ती आजही त्याने वरण वाढते आणि पाहुण्यांना सांगते की हा डाव कलाकार आहे.

प्रिंट वाळतात बाल्कनीतल्या दोरीवर, लाकडी चिमट्यांना लटकून. उन्हाळ्यात दोन-तीन दिवस पुरतात. पावसाळ्यात मात्र आठ-आठ दिवस बोट लावलं की शाई बोटावर. आणि गंमत अशी की आमचा सीझन बरोबर पावसाळ्यातच. गणपतीची कामं, दिवाळी अंक, कंपन्यांचे गिफ्ट बॉक्स, सगळं जून ते सप्टेंबर. त्या दिवसांत आमच्या घरात पंखे कपड्यांसाठी नसतात, चित्रांसाठी असतात. कपडे घालायचे ओलेच.

आणखी एक. छापताना सगळं उलटं होतं. आरशासारखं. हे माहीत असतं, पाठ असतं, आणि तरी घात होतो. एका पहिल्यावहिल्या मोठ्या ऑर्डरीत मी गणपती कोरला. सुंदर झाला. रात्री दोन वाजता पहिलं प्रूफ काढलं, फोटो पाठवला आणि झोपले. सकाळी सात वाजता क्लायंटचा फोन, आवाज कापरा. “मॅडम, हा उजव्या सोंडेचा आलाय.” मी ठशावर डावी सोंड कोरली होती, म्हणजे कागदावर ती उजवी होणारच की! “आमच्याकडे उजव्या सोंडेचा चालत नाही हो, त्याचं सोवळं फार कडक. तीनशे लोकांना वाटायचेत. कोणी पाळलं नाही तर?” या प्रश्नावर कलेच्या इतिहासात उत्तर नाही. नवा लिनो आणला, तीन दिवसांत परत कोरला. तेव्हापासून माझ्या टेबलासमोर एक छोटा आरसा आहे. लोकांना वाटतं मी स्वतःला बघते.

प्रदर्शनात स्टॉल लावला की हमखास येणारा प्रश्न : “ओरिजिनल आहे का प्रिंट आहे?” आता याला काय सांगणार? दोन्ही. आपल्या डोक्यात प्रिंट म्हणजे कशाची तरी नक्कल, हे राजा रविवर्म्यापासून बसलंय. १८९४ साली त्याने मुंबईत छापखाना काढला, पुढे तो लोणावळ्याजवळ मळवलीला गेला, आणि त्याच्या तैलचित्रांवरून दगडावर उतरवून छापलेल्या लक्ष्मी-सरस्वती घरोघरी पोचल्या. आजीच्या देवघरातली लक्ष्मी तसलीच होती, काचेच्या आत थोडी कुरतडलेली. तिथे मूळ चित्र वेगळं होतं आणि छापील वेगळं. लिनोत तसं मागे दुसरं काही नसतं. ठसा म्हणजे चित्र नव्हे, कागदावर उमटतं तेच चित्र. मी पंधरा काढते, खाली पेन्सिलीने १/१५, २/१५ असे आकडे घालते, पंधरावा झाला की ठशावर एक आडवी रेघ मारून तो बाद करते. म्हणजे सोळावा निघणार नाही. एवढं सगळं सांगितल्यावर काका शांतपणे विचारतात, “मग ओरिजिनल कितीला?”

कितीला. किती घ्याल. हाच खरा विषय आहे, आणि मी इतका वेळ तो टाळतेय, हे तुमच्या लक्षात आलं असेल.

आपल्याकडे, म्हणजे आमच्या घरासारख्या मराठी घरांमध्ये, पैशाबद्दल बोलणं हे कसं बसतं बघा. परीक्षेतले मार्क विचारले तर चालतं, वजन विचारलं तर चालतं, ‘अजून लग्न नाही?’ हे तर चालतंच चालतं. पण ‘याचे मी इतके घेईन’ हे वाक्य तोंडातून निघत नाही. मला एजन्सीत असताना दुसऱ्याच्या बिस्किटाची किंमत छातीठोकपणे सांगता यायची. स्वतःच्या चित्राची आली की मी म्हणायचे, “तुम्हीच सांगा ना.” तीन शब्द. माझ्या आयुष्यातले सगळ्यांत महाग.

२०१९च्या जुलैमध्ये एका चटण्या-मसाल्यांच्या कंपनीचा फोन आला. नाव सांगत नाही, तुमच्या फडताळात असेल. दिवाळी गिफ्ट बॉक्सवर चित्र हवं होतं, ‘आजीच्या हातची चव’ अशी थीम. छोटंसंच काम. मला एकदम आजीचे हात आठवले. २०१५च्या उन्हाळ्यात मोतीबिंदूच्या ऑपरेशनसाठी ती पुण्यात आमच्याकडे दोन महिने राहिली होती. एका डोळ्यावर हिरवी पट्टी, टीव्ही बघायचा नाही, वाकायचं नाही, मग ती आपली बसून असायची आणि मी तिची स्केचेस करायचे. एक वहीभर आहेत. ऑपरेशनला तीन आठवडे होत नाहीत तोच तिने खलबत्ता मागितला. “डोळा कापलाय माझा, हात न्हाई.” डॉक्टरांनी नको म्हटलंय, असं आईने सांगितलं तर म्हणाली, “डाक्टरला दिऊ की चटणी.” पुढच्या वर्षी ती गेली.

ते हात मी कोरले. खलबत्त्यावरची एक मूठ, आणि दुसरा हात खलाचं तोंड झाकणारा, जवस उडू नये म्हणून. कातडीच्या सुरकुत्यांवर मी नऊ दिवस घालवले. मॅडम, किती घ्याल? तुम्हीच सांगा ना. पंधरा हजार मिळाले. पैसे वेळेवर आले, ऑफिसातून कौतुकाचा फोन आला, बॉक्स छान छापला होता. मी खूश. मेलवर ठरलं होतं ते एवढंच : ‘दिवाळी बॉक्ससाठी इलस्ट्रेशन, रु. १५,०००, जीएसटी नाही.’

पुढच्या वर्षी, लॉकडाऊन थोडा सैल झाल्यावर, आई किराणा घेऊन आली. पिशवी खाली ठेवायच्या आधी तिने एक पाकीट बाहेर काढलं. जवसाची चटणी, १०० ग्रॅम. त्याच्यावर आजीचे हात. रंग बदललेला, खाली पिवळी पट्टी, पण हात तेच. “अगं, माय दुकानात आलीय बघ!” आईचे डोळे भरून आले होते. तिने दुकानदाराला सांगितलं होतं, शेजारच्या काकूंना सांगितलं होतं. एकूण अकरा पाकिटं आणली होती, लातूरच्या सगळ्यांना पाठवायला. आमचं एक पाकीट संपल्यावर तिने ते धुऊन, पुसून, घडी करून कपाटात ठेवलं, साड्यांच्या खाली.

मी काय बोलणार? मी म्हटलं, “छान आलंय.”

मग ते कॅलेंडरवर आलं. कापडी पिशवीवर आलं. एकदा सोलापूर रस्त्यावर एका ट्रकच्या पाठीवर मला आजीचा अंगठा दिसला, माझ्या उंचीएवढा.

माझी एक मैत्रीण वकील आहे. तिच्याकडे गेले ती तावातावाने, आपला हक्क वगैरे घेऊन. तिने मेल वाचली आणि चहा मागवला. वकील चहा मागवतो तेव्हा समजायचं. १९५७चा कॉपीराइट कायदा म्हणतो की चित्राचा पहिला मालक चित्रकारच. इथवर मला माहीत होतं. पण कलम १७ मध्ये पुढे एक अपवाद आहे. कोणी मोबदला देऊन, स्वतःच्या सांगण्यावरून फोटो काढून घेतला, पेंटिंग किंवा पोर्ट्रेट करून घेतलं, किंवा एनग्रेव्हिंग करून घेतलं, तर वेगळा करार नसेल तेव्हा पहिला मालक तो पैसे देणारा. आणि कायद्याच्या व्याख्येत एनग्रेव्हिंगमध्ये एचिंग, लिथोग्राफ, वुडकट, प्रिंट, सगळं येतं. म्हणजे माझा सगळा धंदाच त्यात आला!

“तू ‘फक्त बॉक्ससाठी, एका वर्षासाठी’ असं लिहिलं असतंस ना, तर गोष्ट वेगळी होती,” मैत्रीण म्हणाली. “भांडता येईल. ‘दिवाळी बॉक्ससाठी’ हे शब्द आहेत मेलमध्ये. पण वर्षं जातील आणि त्यांच्याकडे तुझ्यापेक्षा जास्त वकील आहेत.” मग जरा थांबून, “एक मात्र आहे. कलम ५७. मालकी गेली तरी चित्र तुझं आहे हे म्हणण्याचा हक्क जात नाही. नाव मागू शकतेस.”

मागितलं. उत्तर आलं, अगदी नम्र : पाकिटावर जागा नाही मॅडम, तिथे न्यूट्रिशन टेबल येतं.

मी भांडले नाही. याचा मला अभिमान नाही, आणि फार पश्चात्तापही नाही. तेव्हा हातात कामं कमी होती, आईचं गुडघ्याचं सुरू होतं, आणि खरं सांगायचं तर मला लाज जास्त वाटत होती. राग त्यांच्यावर कमी, ‘तुम्हीच सांगा ना’वर जास्त.

आईला हे सांगायला मला दीड वर्ष लागलं. एका रविवारी सांगितलं, सगळं, कलमासकट. ती ऐकत होती. शेवटी म्हणाली, “म्हणजे माय आता त्यांची झाली?”

मला कायद्यातलं त्याला उत्तर येत होतं, तरी ते देता येईना. चटणी मात्र त्यानंतर आमच्याकडे आली नाही. “तशीही चव नाहीच तिला,” आई म्हणते, “साखर घालतात मेले.”

तेव्हापासून कोणताही फोन आला की मी चार ओळींची मेल पाठवते. चित्र कशासाठी, कुठे, किती काळ, आणि नाव कुठे येणार. त्याच्याबाहेर वापरायचं तर पुन्हा बोलायचं, पुन्हा पैसे. कॉपीराइट माझ्याकडे, हे वाक्य ठळक अक्षरात. उद्यम नोंदणीचा नंबर खाली, कारण २००६चा एमएसएमई कायदा छोट्या उद्योगाचे पैसे जास्तीत जास्त ४५ दिवसांत द्यायला सांगतो. ही ओळ वाचून अकाउंट्समधल्या माणसाचा आवाज बदलतो, हे मी स्वतःच्या कानांनी ऐकलंय. आणि आकडा. आकडा सांगितल्यावर गप्प बसायचं, हे शिकायला सगळ्यांत जास्त वेळ लागला. पूर्वी मी आकडा सांगून लगेच म्हणायचे, “पण कमी-जास्त करू.” पलीकडच्याने तोंडही उघडलेलं नसायचं! आता मी गप्प बसते आणि मनात वीसपर्यंत मोजते.

काही लोक त्या मेलनंतर परत येत नाहीत. पहिल्या वर्षी निम्मे गेले. दिवाळी अंकांना मात्र मी ती मेल पाठवत नाही, हे प्रामाणिकपणे सांगते. १९०९ साली का. र. मित्रांच्या ‘मनोरंजन’ने दिवाळी अंक सुरू केला तेव्हापासून हा प्रकार वेडाच्या जोरावरच चाललाय. दीनानाथ दलालांची मुखपृष्ठं बघत मोठे झालेले आम्ही लोक, संपादकांचा फोन आला की अजून उभे राहून बोलतो. मानधन पाकिटात येतं, पाकीट दिवाळीनंतर येतं. असो. तो माझा हट्टाचा कोपरा आहे, त्यावर मला कोणी फायनान्शियल प्लॅनिंग शिकवू नये.

आणि अलीकडे नवीन प्रकार. ब्रीफबरोबर एआयने काढलेलं चित्रच येतं. “बेस तयार आहे, तुम्हाला फक्त हात फिरवायचाय.” मागे आलेल्या एका चित्रात नऊवारी नेसलेल्या दोन बायका होत्या, आणि पहिलीचा पदर सुरू होऊन दुसरीच्या खांद्यावर संपत होता. मी खूप हसले. त्याच महिन्यात माझी हातातली दोन कामं तशाच चित्रांकडे गेली होती, त्यामुळे हसू फार टिकलं नाही. टॅबलेटवरची कामं कमी होतायत, हे खरं आहे. पोट अजून त्यांच्यावरच चालतं, हेही खरं आहे. दहा रुपये येतात त्यातले आठ इलस्ट्रेशनचे, दोन प्रिंटचे. सहा वर्षांपूर्वी प्रिंटचा एकच होता.

आजीच्या हातांचा ठसा माझ्याकडेच आहे. आईच्या जुन्या सुती साडीत गुंडाळून ठेवलाय. लिनो माझा, गाऊज माझं, आजी माझी, पण त्यावरून प्रिंट काढून विकता येत नाही. त्यावर मी बाद केल्याची रेघही मारलेली नाही. मारायला घेतली होती एकदा.

गेल्या वर्षी वकील मैत्रिणीचा अचानक फोन आला. ती दुसऱ्याच कुठल्या केससाठी कायदा चाळत होती. “अगं, कलम ५२ मध्ये तुझ्यासाठी एक ओळ आहे.” कॉपीराइट दुसऱ्याकडे गेला तरी चित्रकाराला त्या कामासाठी स्वतः केलेली स्केचेस, अभ्यासचित्रं पुन्हा वापरता येतात. अट एकच, मूळ चित्राची मुख्य रचना परत करायची नाही.

मी वही काढली. इतकी वर्षं मी त्या वहीत हातांच्या पानापुढे गेलेच नव्हते. पुढे आजी पाठमोरी होती, आंबाडा सुटलेला. आजी भिंतीला टेकून झोपलेली, तोंड उघडं. आजी हिरव्या पट्टीखालून माझ्याकडे संशयाने बघणारी. कानातली कुडी, नुसतीच. आणि एका पानावर तिचे पाय, खाटेवरून लोंबणारे, जमिनीला न टेकणारे. एकाही पानात चटणी नव्हती.

सध्या सकाळी सहा ते नऊ त्यांचंच काम चालू आहे. सहा ठसे करायचेत, चार झाले. कोणी सांगितलेलं नाही, कोणी पैसे देणार नाही, आणि ते छापून झाल्यावर कितीला विकायचे ते मी ठरवलंय. आकडा आईला सांगितला तर ती म्हणाली, “एवढे?” मी वीसपर्यंत मोजलं.

तर त्या सव्वानऊच्या फोनला मी मेल पाठवते म्हटलं, आईने फोन ठेवला, आणि मी पायांचं पहिलं प्रूफ सोलून काढलं. चांगलं उमटलं होतं. काळं गच्च, घोटे सुंदर. आईने चष्मा लावला, प्रूफ खिडकीशी नेलं, बराच वेळ बघितलं.

“हे मायचे पाय नाहीत.”

“असं काय करतेस? तिच्यासमोर बसून काढलेत मी.”

“टाचा बघ. किती गुळगुळीत. मायच्या टाचांना भेगा होत्या केवढ्या, हिवाळ्यात मेण भरायची त्यात. तू काढलंस ते उन्हाळ्यात. ऑपरेशन म्हणून मीच तिचे पाय रोज दगडाने घासून द्यायचे.” मग माझ्या तोंडाकडे बघून, समजुतीच्या स्वरात, “दोन रेघाच मारायच्यात गं. छोटंसंच काम आहे.”

भेग म्हणजे पांढरी रेघ. म्हणजे कोरून काढायचं. लिनोत एवढी एकच दुरुस्ती नंतर करता येते. मी ठसा पुसला, सगळ्यांत बारीक गाऊज घेतलं आणि दोन्ही टाचांना दोन-दोन भेगा दिल्या.

“डावीला तीन होत्या,” आई खांद्यावरून म्हणाली.

मी आरशात बघितलं, आणि ठशावरच्या उजव्या टाचेला तिसरी रेघ मारली.